वर्गात टच पॅनल आलाय? आधी अर्थिंग बघा

आमची शाळा गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. गणपतीला गावी आलेल्या मुंबईकर मंडळींनी आरतीनंतरच्या बैठकीत ठरवलं, 'शाळेला मोठा टच टीव्ही द्यायचा.' दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला. हार-नारळ झाला, फोटो झाले. पुढच्या वर्षभरात मी जेवढ्या चुका केल्या त्यातल्या बहुतेक पॅनलच्या नव्हत्या. वीज, भिंत आणि पाऊस यांच्याकडे दुर्लक्ष केल्याच्या होत्या. तुमच्या शाळेत पॅनल यायचा असेल किंवा खोक्यात पडून असेल, तर पुढचं वाचून मगच खोकं फोडा.

१. मागणी करतानाच नेमकं सांगा

देणगी ग्रामस्थांची असो, कंपनीच्या सीएसआरची असो की ग्रामपंचायतीची, देणारा विचारतो एकच, 'केवढा हवा?' आणि आपण म्हणतो, 'जेवढा मोठा मिळेल तेवढा.' इथेच पहिली चूक होते. ६५ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. प्रत्यक्ष चित्र साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच येतं. वीस-पंचवीस मुलांच्या खोलीला हे भरपूर झालं. ७५ इंची घेतला तर रुंदी १६६ सेंटिमीटरवर जाते, वजन वाढतं आणि पैसेही जास्त जातात. ते पैसे इन्व्हर्टर आणि अर्थिंगला लावा. पॅनलसोबत सगळे फोटो काढून घेतात. अर्थिंगच्या खड्ड्याशेजारी कोणी उभं राहत नाही, म्हणून त्याचा खर्च मागणीपत्रातच लिहून टाका.

विक्रेत्याला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का, म्हणजे माणूस शाळेत येणार का? आणि आपल्या तालुक्यात येणार का? आमच्या विक्रेत्याने तोंडी 'तीन वर्षं फुल्ल वॉरंटी' सांगितली होती. कार्डावर बारीक अक्षरात होतं की यंत्र सेवा केंद्रात आणून द्यावं. चाळीस किलोचा काचेचा पॅनल घाटावर न्यायला टेम्पो कोणाचा, हे त्यात नव्हतं.
- प्ले स्टोअर आहे का? अनेक स्वस्त पॅनलांत अँड्रॉइड असतं पण गुगलचं प्रमाणपत्र नसतं. मग प्रत्येक ॲप बाहेरून आणून टाकावं लागतं.
- रॅम किती? ४ जीबीपेक्षा कमी असेल तर नको म्हणा. वर्ग खोळंबतो आणि मुलं गलका करतात.
- मागे ओपीएस, म्हणजे पॅनलमध्येच सरकवून बसवायचा छोटा संगणक, बसवायची खाच आहे का? आज संगणक घेऊ नका, पण खाच असू द्या.

२. कागदपत्रं (थोडक्यात, पण टाळू नका)

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, देणगीदाराचं पत्र, जीएसटी क्रमांकासह बिल, डिलिव्हरी चलन, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, बसवून दिल्याचा अहवाल. पॅनलच्या मागचा सिरियल नंबर भिंतीला टेकण्याआधी मोबाइलमध्ये टिपून घ्या, नंतर तो दिसत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद त्याच दिवशी करा. बदली झाली की चार्ज देताना ही नोंदच तुम्हाला सोडवते.

मूळ खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत ठेवायचं. माळ्यावर ठेवा, पण भिंतीला चिकटवून नको. आमचं खोकं वाळवीने पावसाळ्यातच संपवलं.

३. वीज: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट

पॅनल लागल्यावर तिसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी हात झटकत मागे आली. 'गुरुजी, टीव्ही चावतोय!' मी हसलो आणि फ्रेमला हात लावला. झिणझिण्या आल्या. मुलं अनवाणी, फरशी ओली, आणि शाळेच्या अर्थिंगची तार बाहेर कधीच तुटून लोंबत होती. फ्रेम धातूची असते. आतल्या वीजपुरवठ्यातून अगदी थोडी वीज फ्रेमकडे झिरपते आणि अर्थिंग असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर ती मुलाच्या अंगातून वाट काढते.

म्हणून हा क्रम पाळा:

अ) वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा, नुसता टेस्टर नको. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवेत. फेज-अर्थमध्ये काहीच दिसत नसेल तर तिसऱ्या पिनला नुसतं भोक आहे, अर्थिंग नाही.

आ) नवीन खड्डा घेताना जागा नीट निवडा. आपल्याकडे सड्याला, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावर, जांभा लगेच लागतो आणि मे महिन्यात तो हाडासारखा कोरडा होतो. पावसात मोजलेलं अर्थिंग छान येतं, उन्हाळ्यात तेच नापास होतं. विहिरीजवळ, नळाच्या सांडपाण्याशी किंवा पागोळ्या पडतात तिथे, जिथे ओल टिकते तिथे खणा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. आमच्याकडे ते काम चौथीच्या वर्गाकडे आहे. झाडांना पाणी घालताना 'अर्थिंगलाही' घालतात.

इ) मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती पकडणारा स्विच, बसवून घ्या. गळती झाली की तो स्वतःच पडतो. तो सारखा पडतो म्हणून कोणी काढून टाकायला सांगितलं तर ऐकू नका. तो पडतो म्हणजे कुठेतरी ओल शिरली आहे.

ई) बॅकअप. ६५ इंची पॅनल सुमारे १५० वॉट घेतो असं धरा (नेमका आकडा मागच्या पट्टीवर असतो). १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीवर कागदोपत्री १८०० वॉट-तास होतात, पण बॅटरी पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हातात पाचेक तास येतात. बॅटरी जुनी झाली की तीन. इन्व्हर्टर 'साइन वेव्ह'चाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर आमचा पॅनल गुणगुणायचा आणि टच भरकटायचा.

वीजबिलाची भीती दाखवणारे एक-दोघं प्रत्येक सभेत असतात. त्यांना हिशेब सांगा: १५० वॉट, रोज तीन तास, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे अकरा युनिटच्याही आत.

४. भिंत आणि उंची

पश्चिमेच्या भिंतीवर पॅनल लावू नका. मी लावला होता, कारण फळा तिथेच होता. जुलैत वारा समुद्राकडून पाऊस आडवा मारतो, चिरा पाणी पितो आणि ती ओल आतल्या बाजूला उमटते. ऑगस्टमध्ये पॅनलमागची एचडीएमआय खाच हिरवट पडली होती. खारी हवा आणि ओल एकत्र आली की तांब्या-पितळेचं काय होतं ते आपल्या देवघरात दिसतंच.

आतली, दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात चांगली. आणि चिऱ्याच्या भिंतीत नुसते अँकर बोल्ट ठोकून भागत नाही. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे बोल्ट महिन्या-दोन महिन्यांत सैल होतो. भिंतीच्या आरपार बोल्ट घाला आणि पलीकडे लोखंडी पट्टी देऊन आवळा. आमचा वरचा उजवा बोल्ट बोटाने फिरवता येत होता हे झाडू मारणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं, माझ्या नाही. पॅनल आणि भिंत यांच्यात वारा खेळायला चार बोटं जागा ठेवा.

चाकांचा स्टँड मिळत असेल तर मी तोच घेईन. दोन्ही खोल्यांत फिरवता येतो आणि वादळाचा इशारा आला की भिंतीपासून, खिडकीपासून दूर नेता येतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या किती शाळांची छपरं उडवली हे आपण पाहिलंय. फक्त फरशी सपाट हवी आणि चाकांना ब्रेक हवेत.

आता उंची, आणि यावर मी भांडायला तयार आहे. बसवायला आलेला माणूस पॅनल फळ्याच्या वर, देवाच्या फोटोच्या रांगेत लावून मोकळा होतो. दिसतो छान. पण पहिलीतलं पोर उंचीला एकशे दहा-पंधरा सेंटिमीटर, हात वर केला तर एकशे पस्तीसच्या आसपास पोहोचतं. पॅनलची खालची कड जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर ठेवा. वरची मग दीडशेच्या आसपास येते. मागच्या मुलांना खालचा भाग दिसत नाही अशी तक्रार येईल, तर पुढच्या रांगांना सतरंजीवर बसवा. ज्या पॅनलला मुलाचा हात लागत नाही तो टीव्हीच. त्यासाठी टचचे पैसे मोजायला नको होते.

खिडकी पॅनलच्या समोर नको. चमक तर येतेच, पण थेट ऊन फ्रेमवर पडलं की टचही गोंधळतो. आणि फळा काढून टाकू नका. लाइट गेली की शाळा फळ्यावरच चालते.

५. पहिल्या दिवसाची जुळणी

शाळेच्या नावाने नवीन गुगल खातं काढा. स्वतःचं वापरू नका. मी वापरलं होतं, आणि केंद्रप्रमुख समोर बसलेले असताना पडद्यावर आमच्या घरच्या बारशाचे फोटो एकामागून एक फिरू लागले. मुलांना तो तास सगळ्यात जास्त आवडला.

सेटिंगमध्ये पासवर्ड घाला, मराठी भाषा आणि मराठी कीबोर्ड लावा, आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा.

लॅपटॉप जोडणार असाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी यावर दोन दिवस घालवले. एचडीएमआय केबलने फक्त चित्र आणि आवाज जातो. टच चालायला पॅनलपासून लॅपटॉपपर्यंत वेगळी यूएसबी केबल लागते. खोक्यात ती असते, चौकोनी तोंडाची. 'टच खराब निघाला' अशा तक्रारींमागे पुष्कळदा हीच केबल असते. ती खोक्यातच राहिलेली.

जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर पॅनलवर नुसता कचरा दिसेल. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच पीडीएफ करून आणा. नवं काही टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा.

६. रेंज नाही? सड्यावर जा

आमच्या वाडीत फोनला एक काडी येते, तीही खिडकीत. त्यामुळे वर्गात इंटरनेट नाहीच असं धरून तयारी करायची. रविवारी सड्यावर किंवा बाजाराच्या गावी जाऊन फोनवर उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्हने पॅनलवर टाका.

काय उतरवायचं:

- बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पान मोठं करून त्यावर पेनने लिहिता येतं. एवढ्या एका सोयीवर माझा अर्धा महिना निघाला.
- 'दीक्षा' ॲप. हे २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झालं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने स्कॅन करा, त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि ते उतरवून ठेवलं की नंतर नेटशिवाय चालतं.
- 'फेट'ची सिम्युलेशन्स. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. अपूर्णांक, तराजू, विद्युत परिपथ अशी बोटाने हलवायची चित्रं असतात. बरीच मराठीतही आहेत. फाइल उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.
- भूमितीला 'जिओजेब्रा'.
- लॅपटॉप असेल तर 'ओपनबोर्ड', मोफत आहे. पानं जपून ठेवता येतात, कालचा फळा आज परत उघडतो.

पेन ड्राइव्हबद्दल एक गोम: तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. ड्राइव्ह रिकामा असून 'जागा नाही' असं दाखवतो आणि आपण चक्रावतो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, पण पॅनल तो वाचतो ना हे आधी बघा.

७. तास कसा घ्यायचा

सुरुवातीचे दोन महिने मी व्हिडिओच लावत होतो. मुलं शांत, मी निवांत, पाहुणे खूश. मग चौथीला विचारलं, 'काल काय पाहिलं?' उत्तर आलं, 'कार्टून.' तेव्हापासून माझा नियम असा: तासात पॅनल जास्तीत जास्त पंधरा मिनिटं चालू, आणि त्यातला अर्धा वेळ पेन मुलांच्या हातात.

पुठ्ठ्यावर वीस टच एकाच वेळी चालतात असं लिहिलेलं असतं. वीस मुलं उभी करून बघा, चालणार नाही. चार मुलं खांद्याला खांदा न लागता उभी राहतात, तेवढीच बोलवा. कोण येणार ते चिठ्ठीने काढा. हात वर करणाऱ्यांना बोलावलंत तर तीच चार पोरं वर्षभर येतील आणि मागची मुलगी मार्चपर्यंत पेनला हात लावणार नाही. आमच्याकडे हे खरंच झालं होतं.

चांगला जमलेला एक तास सांगतो. चौथीला जिल्ह्याचा नकाशा होता. रेंज असलेल्या दिवशी उपग्रहाच्या चित्रात आपला परिसर उघडला आणि तुकडे जपून ठेवले. मुलांना सांगितलं, वाशिष्ठी शोधा. एकाने सह्याद्रीपासून बोट ठेवून चिपळूणपर्यंत आणलं, दुसरीने तिथून खाडी धरली, तिसऱ्याने दाभोळला समुद्रात नेऊन सोडली. धोपावेची फेरीबोट कुठून कुठे जाते यावर दोघांत वाद झाला. मग त्यांनी दोन्ही धक्क्यांवर खुणा केल्या आणि त्यांच्यामधलं पाण्याचं अंतर मोजलं. रस्त्याने गेलो तर किती, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो मुलांनीच काढला आणि उत्तर बघून 'बापरे' म्हणाली. ज्याचे वडील होडीवर जातात त्या मुलाने खाडीच्या मुखाशी बोट ठेवून भरती कुठवर आत येते ते सांगितलं. ते मला माहीत नव्हतं.

दोन इयत्ता एकत्र असतील तर पॅनल एका गटाला आणि पाटी-पुस्तक दुसऱ्याला. दुसऱ्या गटाची पाठ पॅनलकडे करून बसवा, नाहीतर दोन्ही गट पॅनलच बघतात.

अक्षर गिरवायला मात्र मी पॅनल वापरत नाही. काचेवर बोट घसरतं, पेन्सिलचा दाब येत नाही. 'ण'चं वळण मोठं करून दाखवायला छान आहे, पण गिरवायचं पाटीवर आणि वहीवरच.

८. टच बिघडला, तर फोन करण्याआधी

बहुतेक शालेय पॅनलांत टच काचेत नसतो, फ्रेममध्ये असतो. कडांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांचे छोटे दिवे आणि समोरच्या कडेला ते टिपणारे डोळे. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि यंत्राला जागा कळते. म्हणजे बोटच नव्हे, काहीही अडवू शकतं: खडूची भुकटी, मुंगी, दिव्याकडे आलेलं पावसाळी पाखरू, लोंबणारी बाही. आपोआप रेघा उमटत असतील तर हा क्रम घ्या:

१) पॅनल बंद करून फ्रेमची आतली कड कोरड्या मायक्रोफायबर कापडाने चारही बाजूंनी पुसा. दहांतल्या सात वेळा माझं काम इथेच संपलंय.
२) खिडकी बंद करून ऊन अडवा.
३) स्विच बंद करून प्लग काढा, दोन मिनिटांनी लावा.
४) सेटिंगमधलं कॅलिब्रेशन, म्हणजे टचची जागा पुन्हा जुळवणं, करा.
५) इन्व्हर्टरवरच बिघडतो की लाइटवरही, ते बघा. फक्त इन्व्हर्टरवर असेल तर दोष पॅनलचा नाही.

काच पुसताना पाणी किंवा औषध कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. ते ओघळून खालच्या कडेत शिरतं. फिनेल आणि काच पुसायचं अमोनियाचं निळं द्रव दोन्ही लांब ठेवा, वरचा थर उतरतो.

एवढं करूनही नाही जमलं तर बिघाडाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, सिरियल नंबर आणि बिल समोर ठेवा आणि मग तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा.

९. पाऊस, विजा आणि मे महिना

पावसाळ्यात पॅनल रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, तास असो वा नसो. त्याच्या स्वतःच्या उबेने आतली ओल सुकते. झाकायला सुती चादर घ्या. प्लॅस्टिकचं कव्हर आत दमटपणा कोंडतं. मागच्या जाळीतून पाल आत जाऊ नये म्हणून बारीक जाळी लावावीशी वाटेल. ती जाळीवर चिकटवून हवा अडवू नका. पॅनलच्या आसपास डबा खायला बंदी केलीत तर मुंग्या कमी, आणि मुंग्या कमी तर पालीही.

विजांचे दिवस दोन: मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, आणि परतीचा पाऊस. ढग गडगडले की रिमोटने बंद करून भागत नाही, भिंतीवरचं बटण दाबूनही नाही. प्लग ओढून काढा. केबलने इंटरनेट असेल तर ती तारही काढा, वीज तिथूनही येते. शाळा सुटताना प्लग काढण्याची जबाबदारी आमच्याकडे आठवड्याला एका मुलाची असते, पण ओढणं मोठ्यांनीच. मूल फक्त आठवण करतं आणि पाटीवर 'काढला' असं लिहितं.

मे महिन्याच्या सुट्टीत प्लग काढलेलाच ठेवा, बॅटरीचं पाणी बघायला मात्र शेजारच्या कोणाला तरी किल्ली द्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर लगेच चालू करू नका. आधी बोल्ट हाताने हलवून बघा, मागे कोळ्याचं जाळं किंवा पालीची अंडी आहेत का पाहा, वायरमनकडून अर्थिंग पुन्हा मोजून घ्या, खिडक्या उघडून खोलीला एक दिवस हवा लागू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग लावा, आणि मुलं येण्याआधी फ्रेमला स्वतः हात लावून बघा.